घाई आणि अवेळ: ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधला काळ

‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये काळाचे काम काय, असे विचारले की बहुधा ठरलेले उत्तर मिळते: पात्रे घाई करतात आणि त्या घाईपायी मरतात. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. घाई ही एकट्या माणसाची असते, त्याच्या स्वभावातली किंवा त्या घडीच्या मनःस्थितीतली. अवेळ मात्र एकट्याची असू शकत नाही, कारण ती दोघांच्या वेळा एकमेकींना चुकल्या म्हणजेच घडते. धावतपळत निघालेला माणूस वेळेवर पोहोचू शकतो आणि सगळा हिशेब करून निघालेल्यालाही अवेळ गाठू शकते.

घाईचे पुरावे नाटकात भरपूर आहेत. शेक्सपिअरने ही कथा मुख्यतः आर्थर ब्रूक याच्या १५६२ सालच्या दीर्घ काव्यातून घेतली. त्या काव्यात गुप्त विवाहानंतर नवराबायकोला निदान काही आठवडे तरी चोरून भेटता येते. शेक्सपिअरने सगळे कथानक रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात आवळले, इतके की सोमवारी दुपारी लग्न लागते आणि तासाभरात नवरदेवाच्या, म्हणजे रोमिओच्या, हातून ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट मरतो. उतावळेपणाही केवळ तरुणांचा नाही. मुलगी अजून चौदाचीही झालेली नाही, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्यावेत, असे ज्युलिएटला मागणी घालणाऱ्या पॅरिसला बजावणारा तिचा बाप कॅप्युलेट सोमवारी रात्री वार मोजू लागतो, बुधवार फारच जवळ पडतो म्हणून गुरुवार ठरवतो आणि मंगळवारी मुलीने मान तुकवताच लग्न पुन्हा बुधवारवर ओढून आणतो. पोरांच्या उतावीळपणाला बोल लावणारे वाचक या बापाला सहज सोडून देतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

अवेळ याहून सूक्ष्म आहे आणि ती घाईच्या आधीच नाटकात शिरलेली असते. पहिल्या अंकात मेजवानीला निघताना रोमिओचा मित्र बेनव्होलिओ म्हणतो की आपल्याला उशीर होणार. रोमिओ म्हणतो, मला भीती वाटते ती फार लवकर पोहोचण्याची. दोघे जाणार एकाच घरी, एकाच वेळी. त्याच रात्री, मनात भरलेला तरुण शत्रूच्या घरातला निघाला हे कळल्यावर ज्युलिएट म्हणते की ओळख नसताना तो फार लवकर दिसला आणि ओळख पटली ती फार उशिरा. इथे कुणी कसलीच घाई केलेली नाही.

पाचव्या अंकात तर हा फरक स्पष्टच होतो. टिबॉल्टच्या मृत्यूपायी हद्दपार झालेला रोमिओ मँटुआ या गावी आहे, आणि पॅरिसशी लग्न टाळण्यासाठी ज्युलिएट फ्रायर (भिक्षू) लॉरेन्सने दिलेले, काही तास मेल्यासारखे झोपवणारे औषध पिऊन घराण्याच्या थडग्यात निजलेली आहे. हे रोमिओला कळवणारे लॉरेन्सचे पत्र घेऊन फ्रायर जॉन हा दुसरा भिक्षू मँटुआला निघतो, पण साथीच्या संशयावरून नगराचे तपासनीस त्याला व्हेरोनातल्याच एका घरात कोंडून घालतात. उलट, ज्युलिएट गेली असे मनापासून मानणारा रोमिओचा नोकर बाल्थझार तातडीने मँटुआ गाठतो. रोमिओ त्याला फ्रायरची पत्रे नाहीत ना, असे एकदा नव्हे, दोनदा विचारतो. त्याची घाई त्या प्रश्नापाशी क्षणभर थांबते, आणि नेमकी तेव्हाच उत्तर देणारी चिठ्ठी कोंडलेल्या घरातून बाहेर पडलेली नसते.

धावणारे अडखळतात, सावकाश चाला, असा उपदेश दुसऱ्या अंकात फ्रायर लॉरेन्सने केलेला असतो. आता तोच अंधारात थडग्यांना ठेचकाळत येतो. तरीही पुढे व्हेरोनाचा शासक असलेल्या राजपुत्रासमोर तो सांगतो की ज्युलिएट जागी होण्याच्या काही क्षण आधी मी पोहोचलो होतो, म्हणजे स्वतःच्या हिशेबाने तो वेळेवरच आलेला असतो. (औषधाच्या ४२ तासांची आकडेमोड नाटकातल्या वारांशी नीट बसत नाही, हे अभ्यासकांनी पुष्कळ चघळले आहे; प्रेक्षकाच्या ते ध्यानातही येत नाही.) फक्त रोमिओ त्याच्या अर्धा तास आधी येऊन, ज्युलिएट खरोखर मेली असे समजून, विष पिऊन मेलेला असतो. ज्युलिएट ठरल्याप्रमाणे उठते, आपण कुठे असायला हवे होते ते तिला नीट आठवते, आपण तिथेच आहोत असेही ती म्हणते आणि फ्रायरला विचारते, माझा रोमिओ कुठे आहे?