नेमबाजीसाठी पिस्तूल: नवं की जुनं, आणि परवान्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

सातारा असो की सांगली, दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे पिस्तुलाचा परवाना देतात जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, आणि फाइल चालते त्यांच्याच कार्यालयाच्या गृह शाखेतून. अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्राच्या शस्त्र परवान्यांच्या पोर्टलवर, नमुना ए-१ मध्ये भरायचा. ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा दाखला, फोटो जोडायचे. वय २१ पूर्ण हवं. त्याहून लहान, पण १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी ‘ज्युनिअर टार्गेट शूटर’ हा वेगळा मार्ग आहे. इथपर्यंत फारसं कुणाचं अडत नाही. पुढे अडतं ते बहुतेकांचं एकाच चुकीमुळे: आधी पिस्तूल पसंत करायचं आणि मग त्याला बसेल असा परवाना मागायला जायचं. खरा क्रम उलटा आहे. कोणत्या प्रकारात नेमबाजी करणार ते आधी, त्यावरून बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप), त्यावरून अर्ज, आणि नवं की जुनं हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

अर्जात शस्त्र कशासाठी हवं हा रकाना असतो. तिथे हमखास लिहिलेलं दिसतं: ‘स्वसंरक्षण व नेमबाजी’. दोन कारणं दिली की काम लवकर होईल, असा समज. होतं ते उलटंच. स्वसंरक्षण वाचलं की पोलीस चौकशी त्याच अंगानं होते. तुम्हाला कुणाची धमकी आहे का, कधी तक्रार दिली होती का, एवढंच पाहिलं जातं. मग अहवालात ते ठरलेलं वाक्य येतं, ‘अर्जदाराच्या जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही’, आणि अर्ज नामंजूर होतो. नेमबाजीचे जोडलेले कागद कुणी उलटूनही पाहत नाही. म्हणून नेमबाजीसाठी हवं असेल तर फक्त नेमबाजीच लिहा, कोणता प्रकार तेही लिहा, आणि सरावाचे पुरावे जोडा.

पुरावे म्हणजे काय? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा रायफल असोसिएशनच्या सदस्याचा, नेमबाजीच्या सरावासाठी, वेगळा उल्लेख आहे. तुमच्या अर्जाचा कणा तो. गावोगावी निघालेली प्रत्येक शूटिंग अकॅडमी या व्याख्येत बसत नाही. फी भरण्याआधी महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी किंवा नॅशनल रायफल असोसिएशनशी संलग्नता असल्याचं पत्र दाखवा म्हणावं. पत्र दाखवायला काचकूच करणाऱ्या अकॅडमीची पावती गृह शाखेत उपयोगाची नाही. त्याबरोबर स्पर्धेतल्या गुणांची प्रमाणपत्रं लावायची. गुण कुठून आणायचे, तर १० मीटर एअर पिस्तुलातून. ४.५ मिमीच्या त्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, ओळखपत्रावर मिळतं. एक हंगाम त्यावर घाम गाळलेला माणूस आणि थेट पिस्तूल मागायला आलेला माणूस यांच्या अर्जांत पडणारा फरक अधिकाऱ्यालाही दिसतो.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, नमुना एस-१. लोक एनसीसीचं ‘बी’ किंवा ‘सी’ सर्टिफिकेट लावतात, क्लबच्या शिबिराचं रंगीत प्रमाणपत्र लावतात. ते त्याच नमुन्यात नसेल तर त्रुटी निघते. हे प्रशिक्षण आपल्या जिल्ह्यात कुणाचं ग्राह्य धरतात ते अर्ज भरण्याआधी गृह शाखेत विचारून घ्या, जमल्यास लेखी. साताऱ्यात घरटी फौजी आहेत. निवृत्त जवानांना वाटतं, आयुष्य बंदुकीबरोबर गेलं, आपल्याला कसलं प्रशिक्षण? भावना रास्त आहे, पण फाइल भावनेवर चालत नाही. डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून आपल्याला काय लागू होतं ते तुम्हीही विचारा.

नमुना एस-३ हा वैद्यकीय दाखला. ओळखीच्या डॉक्टरच्या लेटरहेडवर ‘फिट’ एवढंच लिहून आणलेला कागद चालत नाही. शारीरिक आणि मानसिक, दोन्ही तंदुरुस्ती आणि व्यसन नसल्याचा उल्लेख त्यात हवा. शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी वेगळी, नमुना एस-२.

या उलट, न मागितलेले कागद लोक गठ्ठ्यानं जोडतात. सातबारा, आठ-अ, ऊसबिलं, आयकर विवरण. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तरी टेबलावरून सातबारा मागितला जातो, याचा राग येतो. भूमिहीन मजुराची पोरगी चांगली नेम धरत असेल तर तिनं कुठून आणावा सातबारा? शांतपणे कलम दाखवा.

एक गोष्ट मात्र लपवू नका. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही गटांवर मिळून चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची पोलिसांची प्रतिबंधक कारवाई) झालेली असते, माणूस विसरून जातो आणि अर्जात ‘निरंक’ लिहितो. पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डला ती असतेच. जुनी चॅप्टर केस समजावून सांगता येते. खोटी माहिती दिली हा शेरा पुसता येत नाही.

घरातल्या जुन्या शस्त्रांचंही तसंच. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचं रिव्हॉल्वर वारसानं तुमच्या परवान्यावर चढलं असेल, तर तुमचे दोन भरले. केंद्राच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेत ठरावीक नेमबाजांना खेळाच्या शस्त्रांसाठी वेगळी सवलत आहे, पण ती गुणांनी मिळवावी लागते; नुसत्या क्लब सदस्यत्वानं मिळत नाही.

आता पिस्तुलाकडे येऊ. ९ मिमी विसरा. ते निषिद्ध बोअर आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातलंच नाही, आणि व्हिडिओ पाहून तेच मागणारे अजून येतात. तुमच्यापुढे राहतात पॉइंट २२ आणि पॉइंट ३२. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तुलात, आणि तो प्रकार पॉइंट २२ चा आहे. तिचं नाव घेऊन क्लबात येणाऱ्या मुलींच्या घरचे पॉइंट ३२ चा अर्ज भरून मोकळे होतात, तेव्हा वाईट वाटतं. पॉइंट ३२ चालतं ते ‘सेंटर फायर’ या नेमबाजीच्या वेगळ्या प्रकारात. तिथेही नुसतं ‘पॉइंट ३२’ म्हणून भागत नाही: साध्या पिस्तुलाचं आखूड काडतूस वेगळं, रिव्हॉल्वरचं ‘लाँग’ वेगळं, आणि मॅच पिस्तुलं, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेली, त्या ‘लाँग’मधलं चपट्या तोंडाचं वॅडकटर मागतात.

नवं घ्यायचं तर वाट अरुंद आहे. परदेशी पिस्तूल सामान्य माणसाला आयात करता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पात्रता गुण मिळवलेल्या नेमबाजांपुरती ती सोय आहे. बाकीच्यांसाठी नवं म्हणजे सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ ‘अशनी’ किंवा तत्सम. ते संरक्षणासाठी बनवलेलं पिस्तूल आहे. रेंजवर हात बसवायला चालेल, पण स्पर्धेत बारीक सरकवता येणारी साइट (नेम धरायची खाच) आणि हाताच्या मापाची ग्रिप लागते, ती त्यात नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: २५ मीटर गांभीर्यानं खेळायचं असेल तर एखाद्या जुन्या नेमबाजाचं वापरलेलं वॉल्थर जीएसपी, पार्डिनी किंवा हॅमर्ली शोधा. चांगलं ठेवलेलं जुनं मॅच पिस्तूल नव्या साध्या पिस्तुलाच्या कितीतरी पुढे असतं.

पाहायला जाल तेव्हा आधी नंबर. पिस्तुलावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. नंबर खरवडलेला वाटला तर हातही लावू नका, तो गुन्हा आहे. मग पिस्तूल रिकामं असल्याची दोघांनी खात्री करून, कॉक करून, बॅरल सरळ वर धरून ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवा आणि जमिनीवरून हळूहळू उचला. वजन अधांतरी लटकेपर्यंत ट्रिगर सुटता कामा नये. सुटला तर २५ मीटरच्या १००० ग्रॅमच्या नियमात ते बसत नाही आणि दुरुस्तीचा खर्च धरा. एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत, बॅरल १५३ मिमीच्या आत हवं. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेत का ते बघा. जुन्या मॉडेलचं मॅगझिन मिळता मिळत नाही. ग्रिप दुसऱ्याच्या तळव्याची असणार, तिची काळजी नको, लाकूड तासता येतं. जीएसपीबरोबर पॉइंट ३२ चं बॅरल-स्लाइड ‘सुटा भाग’ म्हणून कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. शस्त्राचे भागही कायद्यानं शस्त्रच, परवान्यावर नोंद लागते.

आणि ती ४५ दिवसांची मुदत. कलम ५ प्रमाणे खासगी विक्रेत्यानं विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. लोक हे ‘४५ दिवसांच्या आत व्यवहार पूर्ण करा’ असं वाचतात आणि घाईनं पिस्तूल घरी घेऊन येतात. ४५ दिवसांच्या आत हातात घेतलं तर दोघंही अडचणीत. दिवस मोजायचे ते विक्रेत्याच्या पत्रावरच्या आवक शिक्क्यापासून, इसाराच्या तारखेपासून नाही. पत्रात तुमचंच नाव हवं. आधी दुसऱ्याच्या नावानं दिलेलं पत्र तुमच्या कामाचं नाही. त्या शिक्क्याची प्रत पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पिस्तूल खेळाडूच्या सवलतीत आयात झालेलं असेल तर विक्रीवर अटी असतात, आयातीचे कागद मागून घ्या.

पोलीस अहवाल आल्यापासून ६० दिवसांत निर्णय देणं नियमानं बंधनकारक आहे. अहवाल ठाण्यातून निघाला का, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आहे की अधीक्षक कार्यालयात, याचा जावक क्रमांक घेत राहा. नामंजूर झाला तर लेखी कारण मागा, कलम १४ प्रमाणे तो तुमचा हक्क आहे, आणि कलम १८ खाली अपील करा. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परतलेल्यांना पुढे काहीच करता येत नाही.

परवाना मिळालाच, तर घरी नेण्याआधी तिथेच टेबलापाशी उभं राहून तीन नोंदी वाचा. क्षेत्र: फक्त ‘सातारा जिल्हा’ लिहिलं असेल तर पिस्तूल घेऊन कोल्हापूरच्या किंवा बालेवाडीच्या रेंजवर जाता येणार नाही. शस्त्र घेण्याची मुदत: ती परवाना मंजूर झाल्याच्या तारखेपासून धावते, पुस्तिका हातात पडल्यापासून नाही. काडतुसं: एका मॅचला ६० राउंड लागतात, आठवड्यातून दोन मॅच मारल्या तरी वर्षाला सहा हजारांच्या वर जातात, स्वसंरक्षणवाल्याइतका कोटा लिहिला असेल तर क्लबच्या पत्रासह वाढीचा अर्ज लगेच द्या. परवाना पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा. त्या वेळी पुन्हा सरावाचा पुरावा विचारतील, म्हणून क्लबच्या रेंज रजिस्टरमधली तुमची नोंद दर वेळी सहीसह करून घ्या.