कुकी म्हणजे व्हायरस नव्हे

‘ऑनलाइन दुकानाच्या साइटवर कुकी स्वीकारली की फोनमध्ये व्हायरस शिरतो, फोटो आणि पासवर्ड चोरीला जातात’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. भीती समजण्यासारखी आहे, पण कुकीला हे जमत नाही.

कुकी म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेलं एक नाव आणि त्यापुढे थोडा मजकूर, साधारण ४,०९६ बाइटच्या आत. ती प्रोग्रॅम नाही, त्यामुळे फायली उघडू शकत नाही. ब्राउझर ती ज्या डोमेनची (साइटच्या पत्त्याची) आहे त्यालाच परत पाठवतो. पान बदललं तरी कार्टमधल्या वस्तू टिकतात, त्या बहुधा यामुळेच.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये साइट उघडा, एफ१२ दाबा आणि ‘ॲप्लिकेशन’ टॅबमधल्या ‘कुकीज’वर जा. प्रत्येक कुकीचं नाव, डोमेन आणि मुदत समोर दिसते. दुसऱ्याच डोमेनच्या कुकीज दिसल्या तर त्या बहुतेक जाहिरातींसाठी माग काढणाऱ्या असतात; त्या सेटिंगमधून बंद करता येतात.

खरा धोका सेशन कुकी, म्हणजे लॉगिन केल्याची ओळख टिकवणारी कुकी, चोरीला जाण्याचा. ती हाती लागली तर पासवर्डशिवाय खात्यात शिरता येतं. म्हणून दुकानदाराने तिच्यावर ‘सिक्युअर’ आणि ‘एचटीटीपीओन्ली’ ही सेटिंग लावायलाच हवीत: पहिल्यामुळे ती फक्त एचटीटीपीएसवरून (कूटबद्ध जोडणीवरून) जाते, दुसऱ्यामुळे पानावरच्या जावास्क्रिप्टला (पानात चालणाऱ्या कोडला) वाचता येत नाही. दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का हे ठरवणारं ‘सेमसाइट’ मात्र ‘स्ट्रिक्ट’ (कडक) ठेवलं तर पेमेंट करून परतलेला ग्राहक लॉगआउट झालेला दिसू शकतो. बहुतेक ठिकाणी ‘लॅक्स’ (थोडं सैल) पुरतं. चाचणी ऑर्डर देऊन बघा.

ग्राहकांनी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर खरेदी केली तर लॉगआउट दाबावं. नुसता टॅब बंद केल्याने सेशन कुकी जात नाही.