हलशीचा वराह आणि जगभरच्या सृष्टीकथा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भात पोटरीला आलं की रात्रीची राखण सुरू होते. माळ्यावर बसायचं, पत्र्याचे डबे बडवायचे, आरोळ्या द्यायच्या. एवढं करूनही सकाळी बांधावर जाऊन पाहावं तर रानडुकरांनी भुई उलथून ठेवलेली असते. नाक खुपसून ओली माती वर काढण्यात त्या जनावराचा हात धरणारं कुणी नाही. याच तालुक्यात हलशीला, म्हणजे कदंब राजांच्या जुन्या पलाशिकेत, भूवराह नरसिंहाचं मंदिर आहे. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, १२ व्या शतकातलं. तिथला देव माणसाच्या अंगाचा आणि डुकराच्या तोंडाचा. सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा एकमेकींशेजारी ठेवून पाहायच्या तर मी हलशीपासून सुरुवात करतो, कारण पाण्याखालची पृथ्वी वर काढायला डुक्करच का, हा प्रश्न आमच्या भागातल्या शेतकऱ्याला पडायचं कारणच नाही.

ही कथा मंदिराहून फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सुरुवातीची पृथ्वी जेमतेम वीतभर असते आणि एमूष नावाचा वराह तिला वर उचलतो. तैत्तिरीय संहितेत आधी सगळीकडे पाणीच पाणी आहे. प्रजापती वारा होऊन त्या पाण्यावर फिरतो, खाली त्याला ती दिसते, मग तो वराह होऊन तिला वर आणतो. वर आणल्यावर विश्वकर्मा होऊन तिला पुसतो, ती पसरत जाते, आणि पसरली म्हणून ती पृथ्वी. यात विष्णू कुठेच नाही आणि हिरण्याक्षही नाही. ते पुढे पुराणांत आले. त्यानंतर राजांनी हा देव उचलला. बदामीच्या चालुक्यांच्या मुद्रेवर वराह होता आणि तिथल्या ५७८ सालच्या तिसऱ्या लेण्यात भूदेवीला हातावर घेतलेला वराह आजही पाहायला मिळतो. बुडती भूमी सावरणारा तो राजा, असा त्याचा रोख. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्यालाही वराहच म्हणत.

पाण्यात बुडी मारून माती आणणाऱ्याची कथा उत्तर आशियात आणि उत्तर अमेरिकेत खूप ठिकाणी आढळते. सैबेरियाकडे बुडी मारणारा सहसा पाणपक्षी असतो. अमेरिकेतल्या इरोक्वा लोकांच्या कथेत आकाशातून एक बाई खाली पडते, पक्षी तिला पंखांवर झेलतात, आणि मस्करॅट नावाचा पाण्यातला छोटा प्राणी तळातून चिमूटभर चिखल आणतो. तो चिखल कासवाच्या पाठीवर ठेवला की त्याचीच जमीन होते. आपल्या मध्य भारतातल्या बैगा आदिवासींची कथा मला सगळ्यांत आवडते. कावळा मातीच्या शोधात निघतो, खेकडा त्याच्या मदतीला येतो, आणि सगळी माती निघते ती गांडुळाच्या पोटातून. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी अशा कथा जंगलातल्या गावागावांत बसून उतरवून घेतल्या, १९४९ साली त्या पुस्तकात आल्या.

या कथांची तुलना करायला युरोपातल्या विद्यापीठांनी शिकवलं असं सहसा सांगितलं जातं. मराठीपुरतं तरी ते अर्धंच खरं आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की राशोल लागतं. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ साली तिथे छापलं गेलं. अकरा हजारांच्या घरात ओव्या, आणि पहिल्याच ओवीत देवाला स्वर्ग आणि पृथ्वी रचणारा म्हणून वंदन. बायबलमधली उत्पत्तीची कथा ओवीत बसवताना त्याला शब्द आपल्याच पुराणांतून घ्यावे लागले. स्वर्गाला त्याने सरळ वैकुंठ म्हटलं. धर्म पटवून देणं हा त्याचा हेतू होता, तुलना नव्हे. पण दोन सृष्टीकथा एकाच मराठी शब्दांत आल्या की ऐकणाऱ्याच्या मनात तुलना आपोआप होतेच. बायबलच्या आरंभीही अंधार आहे, खोल पाणी आहे, आणि त्या पाण्यावर देवाचा 'रूआख' फिरतो आहे. या हिब्रू शब्दाचा अर्थ आत्मा असा होतो आणि वारा असाही. तैत्तिरीय संहितेतला वारा झालेला प्रजापती इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

युरोपला धक्का बसला तो १८७० च्या दशकात. प्राचीन असिरियातल्या निनवे शहराच्या ग्रंथालयातल्या मातीच्या विटांवरचा बॅबिलोनी मजकूर जॉर्ज स्मिथ ब्रिटिश म्युझियममध्ये जुळवत होता. १८७२ साली त्याने जलप्रलयाची कथा वाचून दाखवली आणि १८७६ साली सृष्टीकथा प्रसिद्ध केली. गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांत मिसळलेली, आकाशाला अजून नावसुद्धा नाही. मग मार्दुक हा देव खाऱ्या पाण्याची देवी तियामत हिला मधोमध चिरतो, तिच्या एका भागाचं आकाश होतं. बायबलच्या कथेला अशी जुनी भावंडं आहेत हे पाहून मोठं वादळ उठलं.

तेव्हापासून कुणी कुणाचं उचललं, हाच वाद पुढे चालला. सीमाभागातल्या माणसाला हा वाद नवा नाही. एखादा शब्द मराठीतून कन्नडमध्ये गेला की कन्नडमधून मराठीत आला, यावर आमच्याकडे चहा थंड होतो. मला विचाराल तर साम्याहून फरक जास्त बोलतो. ऋग्वेदातल्या पुरुषाच्या डोळ्यापासून सूर्य झाला, चीनच्या पान्कूच्या डोळ्यांचे सूर्य-चंद्र झाले, नॉर्स लोकांच्या यमीरच्या कवटीचं आकाश झालं. तिन्हीकडे जग देहातूनच घडलं. पण यमीरला देव ठार मारतात, पान्कू आपल्या मरणाने मरतो, आणि पुरुषाचा यज्ञ होतो. ऋग्वेदातलंच नासदीय सूक्त तर कथाच सांगत नाही. हे सगळं कुठून झालं ते वर बसून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, एवढं बोलून ते थांबतं.

या अभ्यासाचा एक धागा खुद्द बेळगावातून जातो. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात इथे इंग्रजी शिकवत होते आणि जवळपासच्या गावांत जाऊन बायाबापड्यांच्या तोंडून कन्नड कथा टिपून घेत होते. कित्तूरमध्ये ऐकलेली हंचीची कथा त्यांनी सिंड्रेलाच्या शेजारी ठेवली. त्यात मुलगी आपला चेहरा खापराच्या मुखवट्याआड लपवते. आदिशक्तीने घातलेल्या अंड्यांतून ब्रह्मा, विष्णू, शिव निघाले ही दक्षिणेकडची कथासुद्धा अशीच तोंडी चालत आलेली आहे. खानापूरच्या जंगलकडेच्या गवळी-धनगरांच्या वाड्यांवर, हलशीच्या आसपासच्या घरांत भुई पाण्यातून कशी वर आली हे कोण कसं सांगतं, तेही त्याच पद्धतीने, सांगणारीचं गाव आणि तिची बोली यांसकट, टिपून घ्यायला हवं. वराहाची कथा मराठीत सांगणारी आजी आणि कन्नडमध्ये सांगणारी अज्जी आमच्याकडे एकाच गल्लीत राहतात.