उद्यान आणि राखलेलं रान

झाडाझुडपांनी भरलेली एखादी जुनी जागा विकली जाणार अशी कुणकुण लागते. लोक एकत्र येतात, वर्गणी गोळा होते आणि जागा वाचते. मग फाटकावर फलक लावायची वेळ येते आणि त्यावर सहजपणे ‘उद्यान’ हा शब्द रंगवला जातो. माझ्या मते त्या जागेचं पुढच्या पन्नास वर्षांचं भवितव्य बहुतेक वेळा त्याच दिवशी ठरतं. बाहेरून पाहणाऱ्याला उद्यान आणि राखलेलं रान ही जुळी भावंडं वाटतात. दोन्हींना पायवाटा असतात, बाकं असतात, दोन्हीकडे सकाळी फिरायला माणसं येतात आणि शाळांच्या सहली येतात. पण तिथे राबणाऱ्या माणसांची रोजची कामं पाहिली, तर ती बऱ्याचदा एकमेकांच्या अगदी उलट असतात.

उद्यान हे माणसांसाठी घडवलेलं असतं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा 1858 मध्ये निवडला गेला आणि त्यातून आजचं 843 एकरांचं उद्यान उभं राहिलं. तिथली तळी खोदलेली आहेत. ‘रॅम्बल’ नावाची दाट झाडी नवख्याला मूळचं जंगल वाटते, तीही आखून लावलेली आहे. यात कमीपणा काहीच नाही. दाटीवाटीच्या शहरात मोकळा श्वास घ्यायला, मुलांना धावायला, म्हाताऱ्यांना टेकायला जागा हवीच, आणि ती देणारं उद्यान आपलं काम चोख करत असतं.

राखलेल्या रानाची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका दरीत रेडवूड या उंचच उंच वृक्षांचं जुनं जंगल तोडीतून वाचलं होतं. विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी 1905 मध्ये ते विकत घेतलं. दोनच वर्षांनी एका पाणी कंपनीने धरणासाठी ती दरी सक्तीने संपादन करायचा घाट घातला. सातबारा आपल्या नावावर असला तरी तेवढ्याने रान वाचत नाही, हे केंट यांच्या लक्षात आलं. त्यांनी 295 एकर जमीन संघराज्य सरकारला देऊन टाकली आणि जानेवारी 1908 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. रूझवेल्ट त्या जागेला केंट यांचं नाव द्यायला तयार होते. केंट यांनी नम्रपणे नकार दिला आणि निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांचं नाव ठेवायला लावलं. म्यूर वुड्स नावाच्या या रानाची कोणी बाग केली नाही. जे होतं, ते राहू दिलं. आधी काय होतं आणि त्याला काय लागतं, हा राखणीचा पहिला प्रश्न. उद्यानाचा पहिला प्रश्न असतो, येणाऱ्याला काय हवं?

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो झाडलोटीत. उद्यानात पाचोळा गोळा करून उचलतात. रानात तोच पाचोळा जमिनीचं पांघरूण असतो. त्याच्या खाली ओल टिकते, बुरशी वाढते, गांडुळं आणि असंख्य किड्यांच्या अळ्या पोसल्या जातात, आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी तो उकरत फिरतात. उद्यानात वठलेलं झाड धोक्याचं म्हणून तोडतात आणि वाटेवर ते योग्यच आहे. पण पायवाटेपासून दूर उभं असलेलं वठलेलं खोड म्हणजे एक अख्खी वसाहत असते. फिनलंडच्या जंगलांत राहणाऱ्या एकूण प्रजातींपैकी सुमारे 20 ते 25 टक्के प्रजाती मेलेल्या लाकडावर कुठल्या ना कुठल्या तऱ्हेने अवलंबून असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. सुतार पक्ष्याची ढोली, भुंगेऱ्यांच्या अळ्या, कुजक्या लाकडावरची अळंबी, हे सगळं ‘साफसफाई’ या एका शब्दाखाली एका दुपारी ट्रकमध्ये भरलं जातं. दिव्यांचंही तेच. उद्यानात अंधारी जागा म्हणजे तक्रार. रानात मात्र काजव्यांना जोडीदार शोधायला अंधार लागतो, पतंगांना लागतो, घुबडांना लागतो. चांगल्या मनाने केलेली कामं इथे घात करतात, याचं मला फार वाईट वाटतं. वाईट हेतूविरुद्ध उभं राहता येतं. पण हौसेने फुलझाडं घेऊन आलेल्या गटाला नको कसं म्हणायचं?

झाडं लावण्याच्या बाबतीत तर ही गल्लत नेहमीच होते. गवताळ माळ दिसला की तो उजाड आहे, इथे झाडं हवीत, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण माळ हा जंगलाचा अर्धवट राहिलेला तुकडा नसतो, तो स्वतः पूर्ण असतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, गवतातली फुलं, त्यावरची फुलपाखरं यांना उघडी जागाच लागते. तिथे सावली आली की ती जातात. अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अर्बोरिटममध्ये, म्हणजे अभ्यासासाठी झाडं राखलेल्या जागेत, 1930 च्या दशकात शेतीखाली गेलेल्या जमिनीवर पुन्हा माळ उभा करायचा प्रयोग सुरू झाला. आज त्याला कर्टिस प्रेअरी म्हणतात. तिथे कळलेली मोठी गोष्ट ही, की हा माळ टिकवायचा तर त्याला अधूनमधून आगीची गरज असते. ठरवून, आखून लावलेली आग. ती नसेल तर झुडपं शिरतात. उद्यानाच्या कुठल्या समितीत ‘या वर्षी कुठला तुकडा पेटवायचा’ यावर चर्चा होईल?

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. राखायचं म्हणजे कुंपण घालायचं, कुलूप लावायचं आणि निसर्गावर सोडून द्यायचं, असं पुष्कळांना वाटतं. ते चूक असल्याचा पुरावा सेंट्रल पार्कच्याच एका कोपऱ्यात आहे. तिथला सुमारे 4 एकरांचा तुकडा 1934 मध्ये पक्ष्यांसाठी म्हणून बंद केला गेला. पुढे त्याला हॅलेट अभयारण्य म्हणू लागले. कित्येक दशकं तो तसाच राहिला आणि त्यात विस्टेरियाच्या वेलीसारख्या बाहेरच्या वनस्पतींनी मूळ झाडोरा दडपून टाकला. 2001 पासून तो हाताने साफ करायला घेतला आणि 2016 मध्ये लोकांसाठी नियमितपणे खुला झाला. बंद ठेवलेला तुकडा राखलेला नव्हता, तो विसरलेला होता.

इंग्लंडमधली विकेन फेन ही दलदल तर याहून जुनी साक्ष देते. निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने तिथली पहिली 2 एकर जागा 1899 मध्ये घेतली. शतकानुशतकं आसपासचे लोक तिथली लव्हाळी कापून नेत, छपरं शाकारत. ती कापणी मंदावली तशी झुडपं माजली. मूळच्या उघड्या, ओल्या दलदलीवर सावली पसरली. स्वॅलोटेल नावाचं देखणं फुलपाखरू तिथून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसं झालं. आता तिथे कापणी पुन्हा केली जाते, कोनिक जातीची तट्टं चरायला सोडलेली असतात. माणसाचा हात तिथल्या निसर्गाचाच भाग होता, हे उशिरा उमगलं.

मग राखलेल्या जागेत शिक्षण केंद्र बसतं का? बसतं, आणि बसायलाच हवं, कारण ज्या पोराने बेडकाची अंडी हातभर अंतरावरून पाहिली, ते मोठं होऊन त्या डबक्यात भराव टाकू देणार नाही. पण केंद्राची इमारत कुठे बांधायची, हा निर्णय नाजूक असतो. सगळ्यात सुंदर दृश्य दिसतं तीच जागा वास्तुविशारद निवडतो, आणि बहुधा तीच रानाची सगळ्यात हळवी जागा असते. इमारत, वाहनतळ, स्वच्छतागृह हे सगळं आधीच बिघडलेल्या जमिनीवर, रस्त्याला लागून, काठावर असावं. आत जाईल ती फक्त पायवाट, आणि तीही गरज असेल तिथे जमिनीपासून उचललेली. रेडवूडची मुळं उथळ असतात आणि हजारो पावलांनी माती दाबली गेली की त्यांना पाणी-हवा मिळत नाही, म्हणून म्यूर वुड्समध्ये लाकडी फळ्यांच्या वाटा केल्या आहेत. गाड्यांची गर्दी आवरेना, तेव्हा 2018 पासून वाहनतळाची जागा आधी राखून ठेवणंही सक्तीचं केलं.

दानपत्रातली भाषाही तितकीच मोलाची. ‘सार्वजनिक उपयोगासाठी’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या पिढीतला कारभारी त्यात क्रीडासंकुलही बसवू शकतो, आणि तो कागदाला धरूनच वागलेला असेल. ‘नैसर्गिक स्थितीत ठेवण्यासाठी’ असं लिहिलं, काय चालेल आणि काय नाही हे नमूद केलं आणि ते तपासायला तिसरी संस्था नेमली, तर अडवायला काहीतरी आधार राहतो. ब्रिटिश संसदेने 1907 मध्ये नॅशनल ट्रस्टला आपल्या जमिनी अहस्तांतरणीय, म्हणजे कोणाला विकता किंवा देता न येणाऱ्या, ठरवायचा अधिकार दिला, तो याच काळजीपोटी.

एकाच माणसाच्या जमिनीत बाग आणि रान दोन्ही नांदू शकतात का, असं कोणी विचारलं तर मी ओहायोतल्या डेटनजवळच्या ऑलवुडचं नाव घेते. मेरी ऑल यांनी 1957 मध्ये आपल्या जमिनीपैकी सुमारे 70 एकर ऑड्युबन सोसायटी या निसर्ग जपणाऱ्या संस्थेला निसर्गशिक्षणासाठी दिले. स्वतः नवऱ्याबरोबर हौसेने फुलवलेली बाग मात्र त्यांनी त्यात मिसळली नाही. ती 1977 मध्ये स्थानिक उद्यान विभागाकडे वेगळी सोपवली. आज दोन्ही शेजारी-शेजारी आहेत आणि दोन वेगळ्या संस्था ती सांभाळतात.