हेडीस आणि गेहेन्ना : दोन्ही 'हेल' नव्हेत

1611 चं किंग जेम्स बायबल हे इंग्रजी भाषांतर वाचताना येशूच्या तोंडी 'हेल' म्हणजे नरक हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि ती एकच जागा असणार असं वाचणारा धरून चालतो. मूळ ग्रीक शुभवर्तमानांत मात्र तिथे दोन शब्द आहेत : हेडीस आणि गेहेन्ना.

हेडीस म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण. हिब्रूतल्या 'शिओल'साठी सेप्टुअजिंट या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द वापरला आहे. शिओलमध्ये बरेवाईट सगळेच जातात.

गेहेन्नाला जमिनीवरचा पत्ता आहे. यरुशलेमच्या दक्षिणेला असलेलं हिन्नोमचं खोरं ते हेच. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या राजांनी पोटची मुलं तिथे अग्नीत बळी दिल्याचं जुना करार सांगतो. पुन्हा कुणाला तसं करता येऊ नये म्हणून योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, आणि यिर्मया संदेष्ट्याने तिथे होणाऱ्या कत्तलीचं भाकीत केलं. पुढे तेच नाव देवाच्या न्यायाच्या आगीला मिळालं. नव्या करारात गेहेन्ना 12 वेळा येतो, त्यातले 11 उल्लेख शुभवर्तमानांत आहेत आणि सगळे येशूच्याच बोलण्यात. त्या खोऱ्यात शहराचा कचरा सतत जळत असे, असं प्रवचनांत बरेचदा सांगितलं जातं. पण ही माहिती साधारण 1200 च्या सुमाराला रब्बी दाविद किमही यांच्या लिखाणात येते, म्हणजे येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी. उत्खननातही तसा पुरावा हाती लागलेला नाही. त्या खोऱ्याची दहशत समजायला मुलांच्या बळींची हकिकत पुरेशी आहे.

सरमिसळीचा सगळ्यात मोठा फटका मत्तय 16:18 ला बसला, असं मला वाटतं. येशू आपला शिष्य पेत्र याला म्हणतो की, मी माझी मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समाज, रचीन आणि हेडीसच्या दारांचं तिच्यापुढे काही चालणार नाही. मेलेला माणूस त्या दारांतून परत येत नाही. म्हणजे हे वचन मरणाबद्दलचं आहे. मरणसुद्धा या मंडळीला गिळू शकणार नाही, असा तो दिलासा आहे. 'हेलची दारं' म्हटलं की मात्र सैतानाच्या किल्ल्याचं चित्र उभं राहतं आणि दिलाशाची लढाई होते.

लॅटिनमध्ये बायबलचा भाषांतरकार जेरोम याने हा भेद राखला होता : गेहेन्ना तसाच ठेवला आणि हेडीससाठी 'इन्फेर्नुस' घेतला. इंग्रजीत 1881 च्या सुधारित नव्या करारात 'हेडीस' परत आला. आपल्या प्रचलित मराठी बायबलमध्ये तर 'अधोलोक' आणि 'नरक' असे दोन शब्द आहेतच, तेव्हा मराठी वाचकाला हा फरक आयताच हाती आहे.

तरी एक जागा अडचणीची राहते. लूक 16:23 मधला श्रीमंत माणूस हेडीसमध्ये आहे आणि तिथेच ज्वाळेत तळमळतो आहे. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्जन' या इंग्रजी भाषांतराच्या 1984 च्या आवृत्तीत इथे 'हेल' होतं, 2011 मध्ये 'हेडीस' झालं. मला नवा बदल योग्य वाटतो, कारण अब्राहाम आणि त्याच गोष्टीतला गरीब लाजर त्याला दिसतात, बोलणंही होतं, आणि त्याचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत. अंतिम न्याय अजून व्हायचा आहे.

जुनं इंग्रजी बायबल वापरणाऱ्यांनी शुभवर्तमानांतल्या चार ठिकाणी 'हेल'च्या जागी 'हेडीस' वाचावं : मत्तय 11:23 आणि 16:18, लूक 10:15 आणि 16:23.