रिकामा डबा आणि तग धरण्याचं शास्त्र

संप सुरू झाला तेव्हा माझे काका अडतीस वर्षांचे होते. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, कायम दुपारपाळीला. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या जवळपास अडीच लाख गिरणी कामगारांनी काम बंद केलं. त्यानंतर कितीतरी महिने काका तीन वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून, डबा हातात घेऊन चाळीचा जिना उतरायचे. डबा रिकामा असायचा. काकूला ते ठाऊक होतं, शेजाऱ्यांनाही असावं. भारतमाता सिनेमापर्यंत जायचं, तिथल्या घोळक्यात उभं राहून ‘काय बातमी?’ विचारायचं आणि अंधार पडला की परत यायचं. आम्हा पोरांना याचं हसू यायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी ऑस्ट्रियातल्या एका वस्तीचा अभ्यास वाचनात आला, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली.

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थालमध्ये एक मोठी कापड गिरणी होती आणि सगळी वस्ती तिच्यावरच जगायची. जागतिक मंदीत ती बंद पडली आणि ४७८ कुटुंबांच्या त्या वस्तीत बहुतेक घरांची कमाई थांबली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे तरुण संशोधक आपल्या चमूसह तिथे पोचले. प्रश्न तर त्यांनी विचारलेच, पण नुसत्या उत्तरांवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून आडोशाला उभं राहून त्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. बायका लगबगीने जात होत्या. चूल, धुणं, पोरं यांतून त्यांना कुणी कामावरून काढलं नव्हतं. पुरुष रेंगाळत, चार पावलं टाकून पुन्हा थांबत. बहुतेकांनी घड्याळ बाळगणंच सोडलं होतं. दिवसभर काय केलंत, असं विचारलं तर उठलो, जेवलो, झोपलो, यापलीकडे त्यांना फारसं आठवत नसे. वाचायला वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून घरी जाणारी पुस्तकं दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली.

याहोडाबाईंनी पुढे यातूनच एक मांडणी केली. नोकरी पगार देते हे सगळ्यांना दिसतं. पण न सांगता ती आणखीही बरंच देत असते: दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून करायचं काहीतरी, चारचौघांत एक जागा, आणि अंथरुणातून उठायला भाग पाडणारं काम. पगार बंद झाला की माणूस हिशेब करतो तो पैशांचा; बाकीचं कुठे गेलं हे त्याला कळतही नाही. काका तीन वाजता डबा घेऊन निघत, तेव्हा निदान दिवसाची आखणी आणि बाहेरची माणसं त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

याच अभ्यासातले चार आकडे मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. संशोधकांनी कुटुंबांचे चार गट पाडले: न खचलेली, नशिबाला मान तुकवून गप्प झालेली, हताश आणि पार ढेपाळलेली. मग घरातल्या माणसांच्या हिशेबाने दरडोई मासिक उत्पन्न काढलं. अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग. तग धरणं म्हणजे निव्वळ मनोधैर्य असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आकडे एकदा ओळीने वाचावेत. पंधरा शिलिंगांच्या अंतरात माणसांचा स्वभावच पालटलेला दिसतो. कुणी म्हणेल, खचलेल्याच्या हातून कमाईच कमी होत असेल, म्हणून आकडा लहान. पण तिथे बऱ्याच घरांचं उत्पन्न म्हणजे सरकारी बेकारभत्ता होता, आणि तो काही मनोधैर्य बघून ठरत नव्हता.

हे आधीच सांगून ठेवतोय, कारण हल्ली ‘रेझिलियन्स’, म्हणजे तग धरण्याची ताकद, हा शब्द कार्यालयांत फार स्वस्त झालाय. माणसं कमी करायच्या महिनाभर आधी किंवा नंतर त्याची कार्यशाळा लागते. दुपारी चारला समोसे, त्याआधी स्लाइडवर वाकून पुन्हा सरळ झालेला बांबू. गंमत अशी की या कार्यशाळांचं मूळ बऱ्याच अंशी एका चांगल्या, चिवटपणे केलेल्या अभ्यासात आहे.

मुंबईतला संप सुरू होण्याच्या बरोबर दहा दिवस आधी, ८ जानेवारी १९८२ला, अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने स्वतःचे तुकडे करायला सरकारपाशी मान्यता दिली. तिच्या इलिनॉय बेल या उपकंपनीत शिकागो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ साल्वातोर मॅडी १९७५पासूनच दरवर्षी चारशेहून जास्त अधिकाऱ्यांच्या मुलाखती, प्रश्नावल्या आणि वैद्यकीय तपासण्या घेत होते. वादळ येणार हे दिसत होतं. ते येण्याआधीची मोजणी हाताशी असणं हे संशोधकाचं भाग्य. वादळ आलंच. साधारण वर्षभरात कंपनीतले २६ हजार कर्मचारी जेमतेम निम्म्यावर आले. एका अधिकाऱ्याला बारा महिन्यांत दहा वरिष्ठ बदलून मिळाले. त्याने नेमकं काय करायचं, हे त्यालाही कळेना आणि त्या दहांनाही.

अशा परिस्थितीत सुमारे दोन तृतीयांश लोकांची तब्येत आणि काम दोन्ही ढासळलं: हृदयविकार, नैराश्य, दारू, घटस्फोट. उरलेला एक तृतीयांश मात्र टिकला, आणि त्यातले बरेच जण आधीपेक्षा जास्त उमेदीने काम करू लागले. त्यांच्यात काय वेगळं होतं? मॅडी आणि त्यांच्या विद्यार्थिनी सुझन कोबासा यांनी तीन गोष्टी मांडल्या. ही माणसं कामातून आणि लोकांतून अंग काढून घेत नव्हती. आपल्या हातात थोडं तरी आहे असं धरून चालत होती. आणि बदल हा आयुष्यातला अपघात नसून आयुष्याचाच भाग आहे असं मानत होती. यातली तिसरी गोष्ट कार्यशाळांना फार आवडते, कारण ती फुकट असते. मला विचाराल तर खरी मेख दुसऱ्या गोष्टीत आहे. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की हे सगळे अधिकारी होते. साच्यावर उभं राहणारा त्यांत कुणी नव्हता.

‘हातात थोडं तरी आहे’ ही भावना मेंदूत नेमकं काय करते, याची कथा एका चुकलेल्या सिद्धान्ताची आहे. १९६७मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो कुणी करू देणार नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने एक फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तेवढेच, तेवढ्याच वेळाचे झटके मिळत, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवलं की बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे कण्हत पडून राहिले. निष्कर्ष निघाला: प्राणी हतबलता शिकतात. पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हेच गेलं.

मग मायर उंदरांच्या मेंदूत शिरले आणि जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६मध्ये, दोघांनी मिळून आपलाच सिद्धान्त उलटा करून टाकला. दीर्घ त्रास झाला की मेंदूच्या खोडातला, सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींचा एक पुंजका चेततो आणि प्राणी निपचित पडतो. हे शिकावं लागत नाही, ते मुळातलंच आहे. शिकावा लागतो तो ताबा. उंदराने पुढच्या पायांनी चाक फिरवलं आणि झटका थांबला, की कपाळामागचा मेंदूचा भाग हे टिपतो आणि त्या पुंजक्याला गप्प करतो. याहून नवलाची गोष्ट पुढेच. ज्या उंदराने एकदा असं चाक फिरवलं आहे, त्याला नंतर खरोखरच निरुपाय अशा त्रासात टाकलं तरी तो सहज हातपाय गाळत नाही. चाक आता नसतं, पण चाक फिरवल्याची खूण मेंदूत राहिलेली असते.

उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून मारावी. पण काकूकडे पाहिलं की ते चाक मला दिसतं. संपाच्या दुसऱ्या महिन्यात तिने पोस्टातल्या, बँकेतल्या एकट्या राहणाऱ्या सहा जणांचे डबे सुरू केले. गिरणगावात हे नवं नव्हतं. खानावळवाल्या बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत्या आणि प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवातही केली होती. काकूची एक लाल पुठ्ठ्याची वही होती. दर माणसाच्या नावापुढे दर जेवणाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. महिनाअखेरीस ती रेघा मोजायची. संप कधी मिटेल हे तिच्या हातात नव्हतं, संपाचे नेते दत्ता सामंत यांच्याही फारसं राहिलं नव्हतं. पण सहाचे आठ करायचे की नाही, बांगडा महागला तर भाजीवर भागवायचं की नाही, हे तीच ठरवायची. काकांपाशी मात्र ‘काय बातमी?’ एवढंच होतं.

आणि बातमी नसणं हा वेगळाच छळ असतो. लंडनमध्ये ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला गेला: दगड उचलायचा, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. डोळ्यातल्या बाहुलीचा आकार आणि घाम यांवरून ताण मोजला. साप नक्की निघणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता अर्धी-अर्धी असताना निघाला. २०१६मधला हा निष्कर्ष कामावरून काढायच्या यादीत आपलं नाव येईल का याची वाट बघितलेल्या कुणालाही नवीन वाटणार नाही. गिरण्यांचा तो संप तर कधी औपचारिकपणे मागेही घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला, आणि काही घरांत दोन-तीन वर्षं दगडाखाली साप आहे की नाही हेच कळत नव्हतं. साप दिसला तेव्हा, म्हणजे गिरणीतलं नाव कायमचं गेल्याचं कळलं तेव्हा, काका त्या रात्री गाढ झोपल्याचं काकू सांगते.

मन मोकळं करण्याबद्दलही एक अभ्यास आहे, त्याला मी थोडी कमी जागा देतो. डॅलसमधल्या एका संगणक कंपनीने काढून टाकलेल्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या अभियंत्यांना मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी पाच दिवस रोज वीस मिनिटं लिहायला बसवलं. एका गटाने नोकरी जाण्याबद्दल वाटेल ते लिहिलं, राग, अपमान, सगळं. दुसऱ्याने वेळेच्या नियोजनाबद्दल लिहिलं. काही महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातल्या जास्त जणांना नवी नोकरी लागली होती. त्यांनी जास्त अर्ज केले नव्हते, जास्त फोनही फिरवले नव्हते. बहुधा मुलाखतीला जाताना ते जुन्या साहेबावरचा राग घरी ठेवून जात होते. १९९४चा हा अभ्यास छोटा होता, आणि अशा लेखनावरचे पुढचे पुष्कळ प्रयोग एकत्र केले तेव्हा फायदा आहे पण लहान आहे, असं दिसलं. वही-पेन स्वस्त असतं, एवढं मात्र खरं.

संकटाने माणूस घडतो, हे वाक्य आपल्याकडे सत्काराच्या भाषणात हमखास येतं. १९९०च्या दशकात त्याला ‘आघातोत्तर वाढ’ असं शास्त्रीय नावही मिळालं, आणि ‘या प्रसंगाने तुम्ही किती बदललात?’ असं विचारणारी प्रश्नावली आली. लोक भरभरून सांगत, खूप बदललो. २००९मध्ये पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी साधी पण नेटकी गोष्ट केली. विद्यार्थी मुळात कसे आहेत याची मोजणी त्यांनी आघाताच्या आधीच करून ठेवली होती. नंतर पुन्हा केली. ज्यांना आपण वाढलो असं वाटत होतं, त्यांच्यात मोजता येणारी वाढ बहुतेकदा दिसली नाही. म्हणजे ते खोटं बोलत होते असं नाही. आपण ज्यातून गेलो त्याला काहीतरी अर्थ होता, हे मानल्याशिवाय पुढे जाणं अवघड असतं. पण ऐकणाऱ्याने त्यावरून ‘संकटं बरी असतात’ असा धोरणात्मक निष्कर्ष काढू नये.

प्रत्यक्षातली वाढ हळू आणि उशिरा येते. हवाईच्या काउआई बेटावर १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत घेतला. गरिबी, दारू, भांडणं अशा घरांतल्या मुलांपैकी एक तृतीयांश व्यवस्थित उभी राहिली. जवळजवळ प्रत्येकाच्या मागे एक तरी भरवशाचं माणूस होतं: आजी, शिक्षक, शेजारीण. मला त्याहून आवडते ती त्या अभ्यासाची पुढची पानं. विशीत वाया गेलेली म्हणून नोंदलेली बरीच मुलं तिशी-चाळिशीत सावरली होती. कुणाला सैन्यात काम मिळालं, कुणी मोठेपणी कॉलेजात गेलं, कुणाचं लग्न बरं निघालं. आत काही चमत्कार घडला नव्हता. बाहेर एक दार उघडलं होतं आणि ते आत शिरले होते.

काकांचं दार संगमेश्वरजवळच्या गावी उघडलं. काकूच्या वहीतून साठलेले पैसे आणि मेव्हण्याचं उसनं घेऊन त्यांनी एक चक्की बसवली. ‘गिरणी सुटली नाही बघ,’ म्हणायचे, ‘फक्त कापडाऐवजी पीठ.’ मी गेलो तेव्हा गावातली वीज गेलेली होती, पट्टा थांबलेला होता आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. काका तरी स्टुलावर बसून होते, इस्त्रीच्या शर्टात, भुवयांवर पीठ. मागच्या दारावर त्यांनी तेलरंगात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: पहिली पाळी ७ ते ३॥. दुसरी पाळी नव्हतीच. विचारलं तर म्हणाले, ‘लिहायला हवी ना पहिली, नाहीतर सुटायचं कधी?’