प्रदूषक-प्रसार प्रतिमान, नळजाळ्यातील

पिण्याच्या पाण्याच्या नळजाळ्यात एका जागी शिरलेले जंतू किंवा रसायन कोणत्या नळाने, किती वेळात व किती तीव्रतेने पुढे पोचेल, याचा गणिती अंदाज बांधण्याची पद्धत. त्याआधी प्रत्येक नळातला प्रवाह काढावा लागतो. तो हाताने सोडवण्याची रीत हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये मांडली.

उगम : १८५४ च्या पटकीत जॉन स्नो यांनी लंडनच्या दोन पाणी-कंपन्यांच्या ग्राहकांतील मृत्यूंची तुलना केली. नळातल्या प्रवासाचे गणित तीत नसल्याने तिला या पद्धतीचा आरंभ म्हणणे ओढाताणीचे होईल. स्थिर प्रवाहाची प्रतिमाने १९८० च्या आसपासची. तासागणिक बदलत्या प्रवाहाची बहुधा १९८६ च्या सुमारास, एकाहून अधिक गटांनी स्वतंत्रपणे केलेली. एकच जनक मानण्यापेक्षा हे मत सयुक्तिक वाटते. लुइस रॉसमन यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत घडवलेली ‘एपानेट’ ही मोफत संगणकप्रणाली १९९३ पासूनची.

मिश्रण : सांध्यावर पाणी पूर्ण मिसळते असे एपानेट धरते. ताशी ३० घनमीटर स्वच्छ पाण्याला १० घनमीटर दूषित पाणी मिळाले, तर पुढे तीव्रता चौथाई. चौफुली सांध्यात मात्र शेजारच्या दोन तोंडांतून आलेले प्रवाह एकमेकांवर आपटून बरेचसे आपापल्या बाजूने निघून जातात, असे प्रयोगांत दिसले. तेथे हे गृहीतक फसते.

बेळगाव परिसर : शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप व घटप्रभेवरील हिडकल येथून पाणी येते. २००८ च्या सुमारास काही भागांत चोवीस तास पुरवठा सुरू झाला. जेथे पाणी दिवसाआड सुटते तेथे ‘नळ सदैव भरलेला व दाबाखाली’ हे मूळ गृहीतकच मोडते. पाणी बंद झाले की उतारावरचा नळ रिकामा होताना आत हवा ओढतो आणि गटाराला लागून असलेल्या गळक्या जोडातून सांडपाणीही. वॉल्व्ह उघडताच ते पहिल्या लोंढ्यात येते. गल्लीत पहिली घागर अंगणात ओततात, ती याचसाठी. शेजारच्या हुबळी-धारवाडात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही खंडित पुरवठ्याच्या नळांचे पाणी अधिक दूषित आढळले.

भारतीय मानकानुसार उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पहिल्या लोंढ्यातली घाण तो झपाट्याने खाते. त्यामुळे येथे नमुना पाणी सुटल्याबरोबर व तासाभराने, असा दोनदा घ्यावा लागतो. फक्त दुसऱ्यावर जुळवलेले प्रतिमान पहिली घागरही सुरक्षित ठरवते.